परतीची रिकामी विमानं

डी. एच. ९ या जुन्या ब्रिटिश विमानाचं मॉडेल करायला घेतलं, तर वर-खाली दोन पंख, त्यांना सांधणारे लाकडी खांब आणि खांबांमधल्या तारा इथपर्यंत काम सरळ असतं. घोळ होतो तो सोमालीलँडला गेलेल्या एका विमानापाशी. त्याच्या पाठीवर, वैमानिकाच्या मागं, आडव्या माणसाच्या मापाची झाकणाची पेटी बसवलेली होती. तिच्यात जखमीला निजवायचं, झाकण लावायचं आणि उडायचं. जुन्या फोटोंत ही पेटी थेट शवपेटीसारखी दिसते. आत निजणाऱ्याला ती कशी दिसत असेल, हा विचार ती बसवणाऱ्यांनी केला नसावा, किंवा करून सोडून दिला असावा.

हे १९२० सालचं. ब्रिटिशांना वीस वर्षं न जुमानणाऱ्या मोहम्मद अब्दुल्ला हसनवर त्यांनी बारा विमानं धाडली. प्रमुख होते ग्रुप कॅप्टन रॉबर्ट गॉर्डन, वैद्यकीय बाजू सांभाळायला विल्यम टिरेल. जानेवारीच्या उत्तरार्धात बेर्बेऱ्याहून सुरू झालेली मोहीम तीन आठवड्यांत आटोपली. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांबरोबर जखमींसाठी राखून ठेवलेलं ते पेटीचं विमान हवाई रुग्णवाहिकांच्या इतिहासात कायमचं जाऊन बसलं.

मॉडेल करणाऱ्यांना अशी विमानं आवडतात आणि इतिहास लिहिणाऱ्यांनाही. वेगळा आकार, लाल क्रॉस, नेमका साल-सनावळीचा दाखला. पण हजारोंच्या संख्येनं जखमी माणसं हवेतून जाऊ लागली, ती या पेटीतून गेली नाहीत. ती गेली रसद उतरवून मोकळ्या परतणाऱ्या साध्या मालवाहू विमानांतून. ही गोष्ट नीट समजून घ्यायची, तर लंडन-पॅरिसमधल्या प्रयोगांपेक्षा आपल्या मुलखातल्या पलटणींच्या मागं मागं गेलेलं बरं.

आपला मुलूख म्हणजे प्रवरेचा काठ म्हणा. अकोल्याकडून येणारी ही नदी संगमनेर करत बेलापूरला येते आणि पुढं नेवाशाच्या बाजूला गोदावरीत जाते. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. तिच्यावरच्या बेलापूर स्टेशनाभोवती पुढं श्रीरामपूर शहर वाढलं. गाडीत बसलं की नगर, दौंड, पुणे आणि मुंबईचं बंदर. नगर, पुणे, सातारा आणि खाली कोकण हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना पट्टा. पहिल्या महायुद्धात या पट्ट्यातली पोरं फ्रान्सपेक्षा जास्त एका भलत्याच ठिकाणी गेली: मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

तिथं लढणाऱ्या मुख्य फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन. सेनापती चार्ल्स टाउनशेंड. तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. १९१५ भर ही फौज टायग्रिस नदीच्या काठानं वर सरकत राहिली. बगदाद टप्प्यात आलं तसा वरिष्ठांना मोह आवरेना. २२ नोव्हेंबरला टेसिफोनच्या भग्न कमानीपाशी, बगदादच्या अलीकडे, तुर्कांशी गाठ पडली. चार दिवसांत डिव्हिजनची साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली.

इतक्या जखमींची सोय कुणी केलेली नव्हती. नदीवरच्या बोटींपर्यंत त्यांना न्यायला होत्या त्या लष्करी सामानाच्या गाड्या. खेचरांनी ओढायच्या, लोखंडी चौकटीच्या, स्प्रिंगचं नाव नसलेल्या. पीठाची पोती किंवा काडतुसांच्या पेट्या नेण्यासाठी त्या उत्तम. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला त्यांत घालून दगडधोंड्यांवरून मैलोगणती नेणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढं चौकशीत सांगितलं. वाटेत गाडीतून उतरून रांगत जाणं काहींनी पसंत केलं.

बोटीतला प्रवास त्याहून वाईट. मेजर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर बसऱ्याला होते. ‘मेजिदिये’ ही बोट जखमींना घेऊन येताना त्यांनी पाहिली. लांबून वाटलं, बोटीच्या कडेला दोर लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा आहे. आमांशानं बेजार, हलताही न येणारी माणसं कित्येक दिवस डेकवर तशीच दाटीवाटीनं पडून होती आणि त्यांच्या जखमांवरच्या पट्ट्या बदलल्या गेल्या नव्हत्या. कार्टरनी हे लिहून वर कळवलं तेव्हा वरिष्ठांनी आधी त्यांनाच दटावलं. अटकेची धमकी दिली. सरकारी खात्यांची ही तऱ्हा वाचकांना नवी वाटायची नाही.

कार्टर गप्प बसले नाहीत. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं, मेसोपोटेमिया कमिशन बसलं, १९१७ च्या उन्हाळ्यात अहवाल छापून आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना जुलैत राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आले एडविन मॉंटेग्यू. महिनाभरात, २० ऑगस्टला, हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनी केली. तिच्यातून पुढं मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा निघाल्या. शाळेत आपण त्या सुधारणांची कलमं पाठ करतो. त्यांच्या मुळाशी जी काही कारणं होती त्यांत टेसिफोनच्या त्या गाड्याही होत्या, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

गंमत अशी, की टेसिफोनच्या त्याच नोव्हेंबरात, १९१५ साली, दुसरीकडं जखमी माणूस विमानातून गेला होता. सर्बियाचं सैन्य डोंगर ओलांडून अल्बेनियाकडं माघार घेत असताना तिथल्या फ्रेंच वैमानिकांनी आपल्या बारक्या विमानांत काही जखमींना घेतलं आणि बर्फातल्या पायपिटीतून वाचवलं. याच्याही आधी १८७० साली पॅरिसच्या वेढ्यातून बलूनमधून दीडशेच्या वर जखमी बाहेर काढले, अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. ती खोटी आहे. त्या बलूनमधून टपाल गेलं, कबुतरं गेली, काही मंत्री-संत्री गेले. जखमी नाही गेले.

कल्पना मात्र हवेत होती. १९१० मध्ये फ्लॉरिडातल्या गॉसमन आणि ऱ्होड्स या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशानं रुग्ण न्यायचं विमान बांधलं. ते पडलं आणि सरकारनं पुढं पैसे दिले नाहीत. फ्रान्सच्या मारी मार्व्हिंग या बाईंनी त्याच सुमारास हवाई रुग्णवाहिकेचा ध्यास घेतला. सायकल, गिर्यारोहण, पोहणं, बलून, विमान असं काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. त्यांनी देपरद्युसाँ कंपनीकडं विमान बांधायला दिलं, पैसेही गोळा केले. तेवढ्यात कंपनीचे मालक अफरातफरीच्या आरोपाखाली पकडले गेले आणि विमान कागदावरच राहिलं. युद्धाच्या ऐन मध्यावर शासँ नावाचे फ्रेंच डॉक्टर दोन स्ट्रेचर विमानाच्या पोटात बसवायची परवानगी मागत फिरत होते. मरायला फ्रान्समध्ये माणसं कमी पडतायत म्हणून जखमींना विमानात घालून मारायचं का, असा सवाल त्यांना ऐकावा लागला.

विरोध करणारे सगळेच मूर्ख नव्हते. १९१५ चं विमान म्हणजे कापड, लाकूड आणि तारा. ते स्वतःचंच वजन कसंबसं उचलायचं. याचा पुरावा कुतच्या वेढ्यात मिळाला, आणि तो मराठा शिपायांनी डोळ्यांनी पाहिला.

टेसिफोनहून माघारी फिरलेली पूना डिव्हिजन डिसेंबरात कुत अल-अमारा या गावात अडकली. पाच महिने वेढा पडला. अन्न संपत आलं. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपायांतले पुष्कळजण तयार होईनात. गावाकडं कळलं तर जातीत घेतील का, ही भीती उपासमारीपेक्षा मोठी ठरली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानग्या मागवाव्या लागल्या. गहू दळायला जाती कमी पडली, तर जात्याचे दगड विमानातून खाली सोडण्यात आले. मग एप्रिल १९१६ च्या दुसऱ्या पंधरवड्यात पीठ, साखर, मीठ अशी पोती टाकायला सुरुवात झाली. वेढलेल्या सैन्याला हवेतून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. शंभराच्या वर फेऱ्या होऊन जेमतेम आठ टन माल पडला. हजारो तोंडांना तो कुठं पुरणार? काही पोती टायग्रिसमध्ये गेली, काही तुर्कांच्या खंदकात. २९ एप्रिलला टाउनशेंडनी शरणागती पत्करली.

त्या पंधरवड्यात कुतवर आलेलं प्रत्येक विमान पोती टाकून रिकामं परत गेलं. खाली दवाखान्यात जखमी आणि आजारी माणसं रांगेनं पडलेली, वर रिकामी विमानं. दोघांची गाठ पडली नाही. विमानाला उतरायला वेढ्यात सुरक्षित जागा नव्हती, आणि उतरलं असतं तरी एका फेरीत एखादाच माणूस उचलता आला असता. पण सगळं गणित तिथं मांडून झालं होतं. येताना रसद, जाताना जखमी. उत्तर यायला अठ्ठावीस वर्षं जायची होती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१७ मध्ये, सिनाईच्या वाळवंटात घोट्याला गोळी लागलेल्या एका उंटस्वाराला विमानानं पाऊण तासात इस्पितळात पोचवलं. उंटावरून काही दिवस लागले असते. एक माणूस, एक घोटा. पण हिशेब करणाऱ्यांना आकडा मिळाला. सोमालीलँडची ती पेटी याच हिशेबातून आली.

आणि मग इराक पुन्हा एकदा. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी हा देश ताब्यात ठेवला आणि पायदळावर खर्च नको म्हणून राखणीचं काम हवाई दलाकडं दिलं. बगदादजवळच्या हिनैदी तळावर व्हिकर्स व्हर्नन नावाची विमानं आली. आकारानं ती अगदीच बेढब: गोल गरगरीत पोट, दोन इंजिनं, पुढं उघड्यावर बसलेले वैमानिक आणि पोटात डझनभर माणसं. सैनिक वाहून नेण्यासाठी म्हणून हवाई दलानं घेतलेलं हे पहिलंच विमान. मॉडेल करणाऱ्याला याचं पोट नीट घासून गोल करता करता नको होतं, पण इतिहासाच्या दृष्टीनं ते पोटच महत्त्वाचं. १९२३ च्या फेब्रुवारीत शीख पलटणीचे जवान या पोटांतून किरकुकला उतरवले गेले. कुर्दिस्तानच्या डोंगरांत त्या वसंतात मोहीम चालू असताना फौजेत आमांश पसरला, तेव्हा जवळपास दोनशे आजारी याच विमानांनी बगदादला आणले.

टेसिफोन हिनैदीपासून फार लांब नाही. मेजिदिये बोटीत आमांशानं सडणारी माणसं बसऱ्याला पोचून अजून आठ वर्षंही झाली नव्हती. तोच रोग, तोच मुलूख, आणि आता काही तासांचा प्रवास. सरकारला कनवाळूपणा सुचला होता असं मात्र कुणी समजू नये. व्हर्ननच्या दोन स्क्वाड्रनपैकी ४५ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते आर्थर हॅरिस. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरं जाळणारे ‘बॉम्बर’ हॅरिस ते हेच. त्यांनी मालवाहू व्हर्ननच्या नाकाला भोक पाडून तिथून नेम धरायची सोय केली, पंखांखाली बॉम्ब लटकवले आणि बंडखोर खेड्यांवर नेऊन टाकले. एकच विमान आज सैनिक नेई, उद्या आजारी आणी, परवा बॉम्ब टाकी. व्हर्ननची लाल क्रॉसवाली खास आवृत्तीही निघाली होती, पण काम उरकलं ते या सगळ्या उद्योगांना जुंपलेल्या साध्या विमानांनी.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट वेगळी आणि पुष्कळ लोभस आहे. क्लिफर्ड पील नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १९१७ मध्ये जॉन फ्लिन या पाद्र्याला पत्र लिहून सुचवलं, की आतल्या ओसाड प्रदेशात डॉक्टर विमानानं पाठवा. पील पुढच्या वर्षी युद्धात मारला गेला. फ्लिननी दहा वर्षं पैसे गोळा केले, क्वांटास कंपनीकडून ‘व्हिक्टरी’ नावाचं विमान भाड्यानं घेतलं आणि १७ मे १९२८ ला क्लॉनकरीहून डॉक्टर वेल्च पहिल्या फेरीला निघाले. पण तिथंही डॉक्टर रुग्णाकडं जात होता. रुग्णांची गाडीच्या गाडी हलवायची वेळ आली नव्हती.

ती वेळ आणली ब्रह्मदेशानं.

१९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश अधिकारी विंगेट यांच्या चिंडिट तुकड्या जपान्यांच्या पिछाडीला जंगलात शिरल्या. सुमारे तीन हजार गेले, बावीसशेच्या आसपास परतले. नियम कठोर होता: ज्याला चालता येत नाही त्याला मागं ठेवायचं. झाडाखाली, जवळ बंदूक आणि पाण्याची बाटली ठेवून. विमानं येत, रसद टाकत आणि कुतसारखीच रिकामी परत जात. एप्रिलच्या अखेरीस मेजर स्कॉट यांच्या तुकडीला जंगलात एक लांबट मोकळं मैदान सापडलं. त्यांनी पॅराशूटचं कापड फाडून गवतावर मोठी अक्षरं मांडली, की विमानानं इथंच उतरावं. ३१ स्क्वाड्रनचा वैमानिक मायकेल व्हलास्टो याने २८ एप्रिलला डकोटा हे मालवाहू विमान तिथं खाली घेतलं, सतरा आजारी-जखमी उचलले आणि झाडांच्या शेंड्यांवरून कसंबसं वर काढलं. फोटो ‘लाइफ’ मासिकात झळकले. पुढच्या वर्षी ग्लायडर उतरवण्यासाठी हीच जागा ‘पिकॅडिली’ या नावानं निवडली गेली, आणि निघायच्या ऐनवेळी तिच्यावर ओंडके आडवे पडलेले दिसले. जपान्यांनीही ‘लाइफ’ वाचला की काय, या शंकेनं सगळे हादरले.

त्या एका उतरण्यातून धडा मिळाला तो असा: विमान जिथं उतरू शकतं तिथून माणूस बाहेर येऊ शकतो, आणि डकोटासारख्या विमानात एक-दोन नाही, अठरा ते चोवीस स्ट्रेचर मावतात. आता प्रश्न धावपट्टीचा. १९४४ मध्ये विंगेटच्या तुकड्यांनी जंगलातच पट्ट्या तयार केल्या. तिथं अमेरिकनांची हलकी एल-५ विमानं दोन झाडांच्या रांगांमधून उतरायची आणि एकेक जखमी उचलायची. एप्रिलच्या अखेरीस कार्टर हार्मन या अमेरिकन वैमानिकानं नव्याकोऱ्या सिकॉर्स्की हेलिकॉप्टरमधून एका पडलेल्या विमानाचा वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक असे चौघे एकेक करून काढले. लढाईत हेलिकॉप्टरनं माणसं सोडवण्याचा हा पहिला प्रसंग. जूनमध्ये पावसानं पट्ट्या बुडाल्या तेव्हा पाण्यावर उतरणारी दोन सुंदरलँड विमानं इंडॉजी सरोवरात उतरवली. समुद्रात पाणबुड्या हुडकणारी ही प्रचंड धुडं डोंगरांवरून आत आली आणि सुमारे पाचशे आजारी-जखमींना ब्रह्मपुत्रेवर दिब्रुगडला घेऊन गेली.

मराठ्यांच्या वाट्याला या वर्षी दोन्ही बाजू आल्या. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला, उखरूलजवळच्या सांगशाक या नागा खेड्यात ५० वी पॅराशूट ब्रिगेड अडवून उभी राहिली. तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. टेकडीवर मिशनऱ्यांचं चर्च, खाली कठीण खडक. खंदक कमरेच्या खाली जाईनात, पाणी मिळेना, काटेरी तारांचा पत्ता नाही. २२ ते २६ मार्च अशी लढाई झाली. विमानांनी टाकलेली बरीचशी रसद वाऱ्यानं जपान्यांकडं गेली. त्या उंचवट्यावर विमान उतरणं शक्यच नव्हतं. शेवटच्या रात्री निघून जाण्याचा हुकूम आला तेव्हा ज्यांना चालता येत होतं ते चालत निघाले, आणि शंभरावर जखमींना मागं सोडावं लागलं. सांगशाकनं जपान्यांचे ते पाच दिवस खाल्ले म्हणून कोहिमा आणि इंफाळ सावरायला उसंत मिळाली, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. मागं राहिलेल्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं.

सांगशाकच्या मोर्च्यातून जे इंफाळच्या खोऱ्यात पोचले, त्यांच्यासाठी जग बदललेलं होतं. २९ मार्चला दिमापूर-इंफाळ रस्ता तुटला आणि २२ जूनला उघडला. मधले तीन महिने सगळं खोरं हवेवर जगलं. आराकानातून पाचवी डिव्हिजन खेचरं आणि तोफांसकट डकोटांत घालून आणली गेली. पीठ, पेट्रोल, दारूगोळा येत राहिला. खोऱ्यात धावपट्ट्या होत्या, त्यामुळं विमानं नुसती वरून टाकून न जाता खाली उतरत होती. उतरलेलं विमान रिकामं परत पाठवायचं नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि चौदाव्या सेनेचे प्रमुख विल्यम स्लिम यांनी ते ठरवलं. वेढ्याच्या काळात इंफाळहून सुमारे १३ हजार जखमी-आजारी आणि लढाईला न लागणारी ४३ हजार माणसं अशी परतीच्या विमानांतून बाहेर आली. कुतला ज्या फेऱ्या मोकळ्या गेल्या होत्या, त्या इथं भरल्या.

या विमानांवर लाल क्रॉस रंगवता आला नसता. १९२९ च्या जिनिव्हा करारात रुग्णवाहू विमानाला संरक्षण होतं, पण अट अशी, की त्याचा उपयोग फक्त जखमींसाठी व्हावा आणि ते पांढरं रंगवलेलं असावं. सकाळी तोफगोळे उतरवणाऱ्या डकोटाला दुपारी पांढरं होता येत नाही. म्हणजे कायद्यानं सुरक्षित असलेलं विमान थोड्यांना वाचवणार आणि कायद्याबाहेरचं विमान हजारोंना. हजारो जखमी निघाले ते असुरक्षित विमानातून, जपानी लढाऊ विमानांच्या टप्प्यातून. मला ही तडजोड त्या युद्धातल्या शहाण्या निर्णयांपैकी एक वाटते.

स्लिम यांनी एक आकडा पुढं नोंदवला आहे. १९४३ मध्ये जखमी म्हणून मागं पाठवलेल्या प्रत्येक सैनिकामागं १२० जण आजारी म्हणून पाठवावे लागत होते. मलेरिया, आमांश, जंगलातला ताप. हिंदुस्थानात दूरच्या इस्पितळात गेलेला माणूस महिनोन्‌महिने परतायचा नाही. आजाऱ्यांवर आघाडीजवळच उपचार करायचे आणि गंभीर जखमींना विमानानं थेट शस्त्रक्रियेपर्यंत न्यायचं, अशी विभागणी झाल्यावर चित्र पालटलं.   

विमानाचं कौतुक करताना एक टप्पा सुटतो. धावपट्टीपर्यंत जखमीला आणायचं कुणी? तिथं शेवटपर्यंत माणसाची पाठच होती. याचा सगळ्यात ठसठशीत दाखला इटलीतला, आणि तो प्रवरेच्या काठचा. नामदेव जाधव हे संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई, कंपनीचे निरोप्ये. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीवर मशिनगन सुरू झाल्या. बरोबरचे दोघे जखमी होऊन पडले. जाधवांनी एकाला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत आले. दुसऱ्यालाही तसंच नेलं. मग पुन्हा उलट फिरून, हाताला जखम होऊनही, एकामागून एक तीन मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. वय तेवीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मशिनगनच्या ठाण्यांची गोष्ट सगळीकडं सांगितली जाते. त्याआधीच्या दोन खेपा मला जास्त अवघड वाटतात.

ब्रह्मदेशात शिकलेलं गणित दोन वर्षांत घरच्या कामाला आलं. १९४७ च्या हिवाळ्यात काश्मीरच्या लढाईत पूंछ शहर वेढलं गेलं. आत सैन्य आणि हजारो निर्वासित. निर्वासितांनी आणि जवानांनी मिळून ओढ्यांच्या मधल्या अरुंद जागेत धावपट्टी करून दिली. डिसेंबरात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी स्वतः डकोटा तिथं उतरवलं. पाठोपाठ डोंगरी तोफा आल्या, धान्य आलं, आणि मोकळ्या झालेल्या विमानांत जखमी, म्हातारी माणसं, बायका-मुलं चढली. सांगशाकला लढलेली ५० वी पॅराशूट ब्रिगेड त्याच हिवाळ्यात खाली नौशेऱ्याला होती, मराठा पॅरा बटालियन तिच्यात होती, आणि मार्च १९४८ मध्ये तिनं झांगर परत घेतलं. पूंछला रस्त्यानं पोचायला आपल्या सैन्याला नोव्हेंबर १९४८ उजाडला. तोवर वर्षभर डकोटा येत राहिली आणि भरून परत जात राहिली.